झुरणं वेगळं, कुढणं वेगळं

माय, तुझे एकतीस शब्द आज सकाळी हैदराबादेला रवाना झाले. लाखेची मोहोर मारलेल्या पाकिटात, सरकारी टपालानं. शिपायाच्या हाती पाकीट द्यायचं सोडून मी स्वतः स्टेशनापर्यंत गेलो, थैली डब्यात चढेपर्यंत उभा राहिलो आणि गाडी हलली तेव्हा या वयात मला टाळी वाजवावीशी वाटली. वाजवली नाही, कारण शेजारी पोस्टाचा माणूस होता आणि मी आता दवाखान्याचा मोठा मुन्शी आहे. पण घरी येईपर्यंत पाय जमिनीवर ठरत नव्हते. हे कुणाला सांगावं? तुझ्या सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, शब्दच ना गेले, एवढं काय त्यात. तुला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी म्हटलं, तुलाच सांगावं.

तर झालं असं. आमच्याकडे जालन्याला या साली नवे डॉक्टर आलेत. हैदराबादचेच, तरुण, बोलायला लागले की थांबत नाहीत, आणि चहा निवतो तरी त्यांना पत्ता नसतो. त्यांच्या डोक्यात एक गोष्ट बसली आहे. जिल्ह्याजिल्ह्यातून हैदराबादच्या पागलखान्यात माणसं जातात, त्यांच्याबरोबर आम्हा मुन्शांनी लिहिलेली कैफियत जाते, आणि ती कैफियत वाचून तिथल्या डॉक्टरला काहीसुद्धा कळत नाही. सगळ्यांच्या कागदावर एकच शब्द, जुनून. म्हणजे वेड. रडणारा जुनून, हसणारा जुनून, गप्प बसणारा तोही जुनून. म्हणून त्यांनी मनाच्या दुखण्याच्या खाणाखुणांची एक यादी करायला घेतली. पहिल्या रकान्यात इंग्रजी, दुसऱ्यात उर्दू, आणि तिसरा रकाना कोरा. तो कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "मुन्शीजी, ये आप भरेंगे. इधर के लोग क्या बोलते, वो लिखिए."

मला काय, हुरूप आला. पुण्याकडच्या एका जाडजूड कोशातून मी चांगले खणखणीत शब्द काढले. उन्माद, विषाद, भ्रांती, चित्तविक्षेप. सुवाच्य अक्षरात रकाना भरून दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. डॉक्टरांनी वाचला, नीट वाचला, आणि विचारलं की राजूरकडची एखादी शेतकरीण बाई आपल्या नवऱ्याला दवाखान्यात आणते तेव्हा ती चित्तविक्षेप म्हणते का? मी म्हणालो, नाही. मग काय म्हणते? मी तोंड उघडलं, आणि माय, तुझी शपथ, माझ्या तोंडातून तू बोललीस. "ती म्हणते, साहेब, यांचं चित्त थाऱ्यावर न्हाई."

मग जे सुरू झालं ते थांबेचना. हाय खाल्ली. धसका घेतला. घोर लागला. बावचळला. भेदरला. बरळतो. एकटक बघत बसतो. जीव खालीवर होतो. मनात काहूर माजलं. अन्नावरची वासना उडाली. डॉक्टर लिहायला लागले, त्यांना टाक शाईत बुडवायला सवड मिळेना, मध्येच हात वर करून "ठहरो, ठहरो" म्हणत होते, आणि मी आपला दवाखान्यामागच्या तुझ्या त्या पत्र्याच्या स्वयंपाकघरात उभा. दोन चुली, काठवटीत ज्वारीचं पीठ, भिंतीला टेकवलेल्या पितळ्या, आणि तू भाकरी थापता थापता एकेका खाटेची हकीकत सांगून राहिली आहेस.

बाबा गेल्यावर तू त्या चुलीवर आलीस. रोग्यांची भाकरी केलीस, आणि त्यातच मला उर्दू मिडल पास केलंस. पुढं त्याच दवाखान्यात मी कारकून झालो तेव्हा मला वाटलं, आता आपण पुढच्या दारानं येणारे. तू मागच्या दारानं यायचीस. खरं सांगतो, मला त्याची लाज वाटायची. दुपारी सगळ्यांना वाढून झालं की तू ऑफिसच्या खिडकीशी यायचीस आणि मला नको असलेली बातमी द्यायचीस. "तीन नंबरच्या खाटेवरल्या बाईची वासना उडाली रे." मी मान वर न करता म्हणायचो, बरं, भूक नाही असं लिहितो. की तू भडकलीस! "भूक न्हाई असं कवा म्हणले मी? भूक हाय तिला. पोट वाजून राह्यलंय. वासना न्हाई. भूक पोटाची असती, वासना जिवाची." मी म्हणायचो, माय, फॉर्मात तेवढी जागा नसते. तू म्हणायचीस, "मंग जागा मोठी करा."

जागा मोठी करा! आता डॉक्टरांनी पक्क्या यादीचा तिसरा रकाना पहिल्या दोन्हींपेक्षा रुंद आखला आहे. मी न सांगता. तुझं न ऐकता. मला तेव्हा हसूच फुटलं आणि का हसलो ते त्यांना सांगता येईना.

झुरणं आणि कुढणं तर त्यांना फार आवडलं. मी दोन्ही एकाच ओळीत लिहिलं होतं. मग तुझी आठवण झाली आणि खोडलं. तू एकदा परातीतलं पीठ चाळता चाळता मला समजावलं होतंस. झुरणारं माणूस कुणाची तरी वाट बघतं, त्याला दाराजवळची खाट द्यावी. कुढणाऱ्याच्या पोटात काहीतरी अडकलेलं असतं, त्याला कुणी आलं काय नि गेलं काय. त्याच्याजवळ बसावं, उगी बसावं, कधी ना कधी ते बोलतं. दोघंही जेवत नाहीत, दोघंही भिंतीकडे तोंड करतात. मला दोघं सारखेच दिसायचे. तू ताट परत आलं की ओळखायचीस. झुरणाऱ्याच्या ताटात भाकरी तशीच राहते, आणि कुढणारा भाकरीचे बारीक बारीक तुकडे करून ठेवतो. मी हे सांगितलं तेव्हा डॉक्टर उठून उभेच राहिले. विचारलं, हे तुम्हाला कोणत्या उस्तादानं शिकवलं? मी म्हणालो, इथली स्वयंपाकीण होती. कोण ते आधी सांगितलं नाही. मग सांगितलं. मग त्यांनी मला बसवून चहा पाजला आणि माझ्याकडून तुझी एखादी हकीकत ऐकायला मागितली. त्या न जेवणाऱ्या बाळंतिणीची सोडून दुसरी कोणती हकीकत मी सांगणार होतो?

तुला ती पक्की आठवत असेल. राजूरच्या अलीकडच्या एका खेड्यातली, पंचविशीच्या आतबाहेरची, चांगल्या शेतीवाडीच्या घरातली. तीन महिन्यांचं लेकरू घरी सासूपाशी ठेवून नवऱ्यानं तिला बैलगाडीत घालून आणलं होतं. आधी गणपतीला नेलं, अंगारा लावला, उतारा केला, मग आमच्याकडे. नवरा भला होता गं. सारखा डोक्याचं मुंडासं काढायचा आणि पुन्हा बांधायचा. बाळंतपणापासून झोपत नाही, रडती, कामाला हात लावत न्हाई, लेकराकडं बघती अन् परक्यासारखी बघती, असं त्यानं सांगितलं. आणि एवढं सगळं होऊन घरी जेवत तरी होती, थोडं का होईना. दवाखान्यात आल्यापासून मात्र तिनं घास गिळला नाही. तीन दिवस. रात्रंदिवस अंथरूण चाचपायची, मान चाचपायची, बायांच्या वॉर्डात खाटेखाली वाकून शोधायची.

तेव्हाचे डॉक्टर, जुने, भले गृहस्थ, पण मराठीचा एक शब्द येत नव्हता. ते उर्दूत विचारायचे, मी तिला मराठीत विचारायचो, ती बोलायची, मी उर्दू करायचो, आणि समोर छापील फॉर्म. त्यात ओळीनं सवाल. मरीज हसतो का, गातो का, कपडे फाडतो का, कुणी नसताना बोलतो का, मेलेल्या माणसांशी बोलतो का. उत्तरापुढे हो किंवा नाही. बावीस वर्षांचा मी, माझं उर्दू अक्षर मोत्यासारखं, डॉक्टर माझ्यावर खूश.

मी विचारलं, "तू एकटी कुणाशी बोलतीस?"

ती म्हणाली, "मोठीसंगं."

"मोठी कोण? कुठं असती?"

"मोठी सवत माजी. मेली ती. मी यायच्या आधीच मेली."

"मेलेल्या माणसाशी बोलतीस?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेडा. "मंग काय तिला टाकून देऊ?"

"जेवत का नाहीस?"

"ती जेवल्याबिगर मी कशी जेवू? तिला तर तुमीच नेलं."

आणि मी, माय, ते सगळं जसंच्या तसं उर्दूत केलं. एक शब्द चुकला नाही. मेलेल्या बाईशी बोलते, हो. मेलेली बाई जेवल्याशिवाय जेवत नाही, हो. सरकारी लोकांनी मुर्दा उचलून नेला असा आळ घेते, हो. शेवटी मोठ्या खान्यात झोकदार अक्षरात, जुनून. डॉक्टरांनी वाचलं, उसासा टाकला, सही केली. कागद मंजुरीसाठी तालुकदार कचेरीत गेला. मंजुरी आली की दुसऱ्या सकाळच्या गाडीनं दोन शिपाई आणि एक आया तिला हैदराबादला नेणार होते. तिथून बाया परत येतात असं आम्ही फारसं ऐकलं नव्हतं. नवरा व्हरांड्यात बसून मुंडासं बांधत होता. मी जेवायला तुझ्याकडे आलो, पोटभर जेवलो, आणि तुला मोठ्या ऐटीत सांगितलंसुद्धा की आज एक अवघड कैफियत लिहिली.

तू पितळी उचललीस आणि वॉर्डात गेलीस. पाव घटका गेली असेल. मग तू ऑफिसात आलीस. खिडकीशी नाही, आत. पुढच्या दारानं. हाताला कोपरापर्यंत पीठ. आयुष्यात एकदाच आलीस तू त्या खोलीत, आणि समोर बसलेले दोन अर्जदार आपोआप उठून बाहेर गेले.

"तिच्या गळ्यातलं कुठं हाय?"

मला कळेना. "कुणाच्या?"

"तिच्याच. घास मोडती, गळ्यापाशी नेती, हात रिकामा लागतो, मंग घास ताटाच्या काठाला ठिवून देती. सात घास वळीनं ठिवल्यात तिनं. म्या इचारलं, गळ्यातलं कुठं गेलं ग? म्हणली, कारकुनानं काढून ठिवलं."

माय, माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला आणि मला तो नकोसा झाला. दवाखान्याचा कायदा होता, रोगी दाखल झाला की अंगावरचं सगळं काढून फडक्यात बांधायचं आणि चिठ्ठी लावून कपाटात ठेवायचं. तिचं मीच बांधलं होतं. चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात होतं: चांदीचा टाक, एक. पहिली बायको वारली की दुसरीच्या गळ्यात तिच्या नावाचा टाक घालतात, हे मला काय कुणी सांगायला हवं होतं? आपल्या शेजारच्या काकू. दिवाळीचं लुगडं आलं की आधी टाकाला दाखवायच्या, बाई, तू नेस, मग मी नेसते, असं म्हणायच्या. पहिला घास टाकाला लावून मग तोंडात घालायच्या. मी त्यांच्या मांडीवर बसून तो घास खाल्ला आहे!

तेच तू बोललीस. "काकू येडी व्हती का रे? त्या चार पोरं वाढवून गेल्या. तुला पावशेर अक्कल त्यांनीच दिल्ती. त्यांच्या म्होरं कागुद न्हवता म्हणून शहाण्या, अन् हिच्या म्होरं कागुद आला म्हणून येडी?" मी काहीतरी पुटपुटलो, फॉर्मात सवाल होता म्हणून. तू पुढं झालीस आणि टेबलावर हात ठेवलास. पिठाचा पंजा उमटला कागदांवर. "उर्दूत लिहिताना तू कुठल्या गावचा असतूस रे?"

 

मी कपाट उघडलं, फडकं सोडलं. तू टाक घेऊन गेलीस, मी मागून गेलो, वॉर्डाच्या दारात उभा राहिलो. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, गळ्यात बांधला, गाठ दोनदा बघितली. ताटातला एक घास त्याला लावला आणि खाल्ला. मग दुसरा. मग मोठ्यानं रडायला लागली. मी घाबरलो. तू म्हणालीस, "रडू दे. हे रडणं बराबर हाय." आणि मग माझ्याकडे न बघता, "अन् तिला काय झालंय ते आता लिही. येड न्हाई. घोर लागलाय तिला. बाळंतपणाचा घोर असतो, म्हाईत न्हाई का तुमच्या डॉक्टरला? झोप न्हाई, जीव लेकरात उतरत न्हाई. लेकरू आणा म्हणावं हितं. म्या बघते."

त्यानंतर मी जो धावलो! कचेरी बंद व्हायची वेळ, दुसरा दिवस शुक्रवार, सुट्टीचा, म्हणजे सही त्याच संध्याकाळी होणार. जुन्या जालन्याच्या धान्यबाजारातून, पोत्यांच्या थप्प्या, हमाल, गाड्या यांच्यातून, एक चप्पल तुटली ती तिथंच टाकून. साहेबापुढे कागद ठेवणाऱ्या पेशकारासमोर जाऊन उभा राहिलो. कागद वर गेला नव्हता. ढिगात होता, खालून चौथा. मी तो मागितला, तो म्हणाला, का? मी म्हणालो, माझ्याकडून चूक झाली. नोकरी जाईल असं वाटत होतं आणि तरी, कसं सांगू तुला, छाती आनंदानं फुटायची बाकी होती. कागद माझ्या हातात होता. कोरड्या शाईचा एक कागद, आणि त्यात एक जिवंत बाई.

जुन्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. टाकाचं, काकूंचं, तुझं, पिठाच्या पंजाचं. ते रागावले नाहीत. फॉर्म उलटा केला, मागची कोरी बाजू वर केली आणि म्हणाले, "पहले मरीज के लफ्ज लिखो. हमारे बाद में." त्या दिवसापासून आमच्या दवाखान्यात तसंच चाललं. रोग्याचे शब्द आधी, त्याच्या भाषेत, मग आमचे. नव्या डॉक्टरांनी हे ऐकलं आणि टेबलावर मूठ आपटली. हाच नियम ते यादीच्या डोक्यावर घालणार आहेत. हैदराबादेत छापली जाणार आहे ती, माय, आणि बीडपासून बीदरपर्यंत मुन्शांच्या टेबलावर जाणार आहे. कुणीतरी कारकून फॉर्म भरायला बसेल आणि आधी तिसऱ्या रकान्यात बघेल. त्याला तू दिसशील. तुला अक्षर वाचता येत नव्हतं!

लेकरू आलं. बाई महिनाभर राहिली. तू रोज दुपारी तिच्या खाटेजवळ बसायचीस, काही बोलायची नाहीस, लेकराच्या टाळूला तेल जिरवायचीस. एके दिवशी तिनं तुझ्या हातून वाटी घेतली आणि स्वतः लावायला लागली. तू मला सांगायला आलीस तेव्हा तुझा चेहरा नव्या लुगड्यासारखा दिसत होता. पुढच्या हिवाळ्यात ती नवऱ्याबरोबर आली, लेकरू चालत आलं. तुझ्यासाठी हुरड्याची टोपली आणि माझ्यासाठी एक चपलांचा जोड. धावताना चप्पल गेली ते तूच तिला सांगितलं असणार. तो जोड मी झिजेपर्यंत वापरला.

इतकं सगळं डॉक्टरांना सांगितलं. इथवर सांगताना मी हातवारे करत होतो, दोनदा उभा राहिलो, त्यांचा चहा सांडला. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. ती तुलाही कधी सांगितली नव्हती, आणि या पत्राला पत्ता नाही म्हणूनच लिहिता येते आहे.

मी कचेरीतून कागद घेऊन परत आलो त्या संध्याकाळी तू चूल सारवत होतीस. पाठमोरीच विचारलंस, "हिच्या आधी किती जण धाडले रे तू कागुद लिहून?" मी म्हणालो, तिघं. दोन बाया, एक शहागडचा म्हातारा. "त्यांचे कागुद बराबर व्हते ना?" मी म्हणालो, "बिलकुल बराबर होते, माय." तू हं म्हणालीस आणि सारवत राहिलीस.

मी ते परत उघडून बघितलेच नव्हते. त्या तिघांच्या कैफियतींच्या नकला दफ्तरात आहेत, कुठल्या बस्त्यात बांधल्या आहेत तेही मला पाठ आहे. आज सकाळपासून मी तुझ्या एकतीस शब्दांसाठी नाचतो आहे, आणि त्या बस्त्याची गाठ मी अजून सोडलेली नाही.